तिठ्यावरचा चोथा

"अजून गिरणीत जातो का तो?" वैद्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"घरीच असतो?"

"घरीच. दारात बसून असतो. वैनी उठू देत नाही त्याला."

वैद्यानं मान हलवली आणि तागडी उचलली. एकच पारडं असलेली, दांडीवर वजन सरकवायची बारकी तागडी. त्याच्या मागं भिंतभर लाकडी खण होते. त्यातला एक ओढून त्यानं केरसुणीच्या हिरांसारख्या वाळक्या काड्या काढल्या, तोलून कागदावर ठेवल्या. मग जर्दाळूच्या बियांचा कडू गर, ज्येष्ठमधाचे तुकडे, आणि शेवटी खलात कुटलेला एक पांढरा मऊ दगड. कागदाची पुडी, वर सुतळीचा फास. अशा सात पुड्या. मी त्या पिशवीत टाकल्या आणि माझगावच्या त्या बोळातून बाहेर पडलो.

त्याच वेळी माझा थोरला भाऊ बिराप्पा, म्हणजे आमचा अण्णा, कल्याणच्या अलीकडं खाडीकाठच्या गिरणीत, फावड्यानं पीठ ओढत होता. काढ्याची बाटली सकाळी मीच त्याच्या हातात दिली होती.

पीठ म्हणजे गारगोटीचं. डोंगरातून गारगोटी यायची, यंत्राच्या जबड्यात फुटायची, ड्रममध्ये दळली जायची आणि मैद्याहून बारीक होऊन गोणीत पडायची. काचवाले न्यायचे, भांड्यांची पावडर करणारे न्यायचे. आत चार हातांवरचा माणूस दिसत नसे. तोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची, ती तासाभरात चिखल व्हायची. संध्याकाळी सगळे सारखेच पांढरे होऊन बाहेर पडत. आपला बाप कुठला हे पोरं खोकल्यावरून ओळखत.

आणीबाणीच्या आदल्या सालची ही गोष्ट. आम्ही सांगोल्याकडचे धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली, तेव्हा केरबा मुकादम गावात आला आणि वीस माणसं घेऊन गेला. त्यात मी, अण्णा आणि त्याची बायको हौसा. दोन वर्षांत वीसपैकी सात जण उरले नव्हते. गिरणीनं एक डॉक्टर ठेवला होता. तो सगळ्यांना टी.बी. लिहायचा. एका गिरणीत एकच रोग, एकच सही, आणि मेल्यावर गिरणीचा काही संबंध नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. शाळा पाहिलेली नव्हती, पण गोणींवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकलो होतो आणि वाळूत काडीनं लिहायलाही. म्हणून आठवड्यातून एकदा माल उतरवायला मला ट्रकबरोबर माझगावच्या गोदामात धाडत. तिथल्या एका हमालानं माझ्यापुढं चिनी वैद्याचं नाव काढलं. त्याच्या बायकोचा दमा त्यानं थांबवला होता म्हणे.

अण्णा तेव्हा बसून झोपत होता. आडवा झाला की घुसमटायचा. भिंतीला गोणी लावायची, तिला पाठ टेकायची आणि मान पुढं टाकून बसायचं, अशी त्याची वर्षभराची झोप. एका सुट्टीला मी त्याला ट्रकमध्ये घालून माझगावला नेलं.

वैद्याचं नाव लिआंग. माझगावातच जन्मलेला, मराठी आमच्याहून साफ. बोळातली पोरं त्याला चिनीकाका म्हणत आणि तो ओ देई. त्यानं अण्णाच्या दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवली आणि इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं डुलकी लागली. जीभ बघितली. पाठीला कान लावला. मग अण्णाला बाहेर पायरीवर चहा देऊन बसवलं आणि मला आत बोलावलं.

"टी.बी. कुणी सांगितला?"

"गिरणीच्या डॉक्टरनं."

"त्याचं पोट गिरणीवर आहे?"

"व्हय."

"मग बरोबर. ऐक. ह्याच्या छातीत गारगोटी बसली आहे. ती माझ्या औषधानं निघणार नाही, कुणाच्याच निघणार नाही. मी फक्त वाट मोकळी करीन. ही काडी छातीचं दार उघडते. दार उघडलं की वारा आत जातो, पण धूळही जाते, आणि आजवर गेली नव्हती तिथपर्यंत जाते. म्हणून माझी अट एकच. दगड सुटला पाहिजे. सोडला तर काही वर्षं काढील. सोडणार नसेल तर मी पुडी देणार नाही, कारण मग ते विष आहे. हे त्याला मी सांगू की तू सांगतोस?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "माझं ऐकतो तो."

बाहेर आलो तेव्हा अण्णा बशी पुसून पायरीवर पालथी घालत होता. "काय म्हणला रं एवढा वेळ?"

मी त्याला काढा कसा करायचा ते सांगितलं. मातीच्या मडक्यात करायचा, धातूचं भांडं नको. एकदा उकळून गाळायचा, त्याच काड्यांवर पुन्हा पाणी घालून उकळायचा, दोन्ही पाणी एकत्र करून दोन वेळा प्यायचं. आणि उरलेला चोथा केरात टाकायचा नाही. जिथून माणसं जातात-येतात तिथं वाटेवर टाकायचा. येणारा-जाणारा तुडवतो आणि दुखणं थोडं थोडं पायाबरोबर घेऊन जातो, असं त्यांच्यात मानतात.

अण्णा हसला, आणि हसता हसता त्याला उबळ आली. उबळ ओसरल्यावर म्हणाला, "म्हंजी उताराच की ह्यो. चीनचा असू दे न्हाईतर सांगोल्याचा, आपलं दुखणं दुसऱ्याच्या पायाखाली सारायची अक्कल समद्यांना सारखीच."

त्या काढ्यात दगड असतो हे कळल्यावर तर त्याची करमणूकच झाली. दिवसा दगड खायचा आणि सांजच्याला दगडच प्यायचा, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

पण गुण आला. चौथ्या दिवशी तो आडवा झोपला. वैनी दोनदा उठून त्याच्या नाकाशी हात धरून आली, कारण आवाजच येईना. सकाळी ती चुलीपुढं बसून रडली, आणि का रडतेस म्हणून अण्णानं तिची टर उडवली. तिसऱ्या आठवड्यात तो उठला, तोंडाला पट्टी बांधली आणि फावडं घेऊन गिरणीत गेला.

आमच्या झोपड्यांची वाट जिथं फुटते तिथं तिठा होता. एक वाट गिरणीच्या गेटकडं, एक नळावर, एक सडकेला. चोथा टाकायचं काम माझं. पहिल्या पाळीच्या आधी मी मडकं तिथं पालथं करायचो. माणसं त्याच्यावरून गेटकडं जायची, अण्णासुद्धा जायचा, मुद्दाम त्यात टाच रुतवून, हसत. मी कडेनं गवतातून जायचो.

बायकांनी तो चोथा पाहिला तेव्हा तिठ्यावर गहजब झाला. कुणी तरी उतारा टाकतंय, रोज टाकतंय, आणि आपली माणसं त्यावरून जाऊन आणखी खोकतायत, असं झालं. गंगू नावाच्या बाईनं वैनीचा हात धरून तिला सगळ्यांपुढं आणलं. आपला नवरा उठवायला दुसऱ्यांचे पाडतेस का, असं तिनं विचारलं. वैनीनं पदराखालून पुडी काढली आणि सोडून दाखवली. अण्णा झोपडीतून आला. त्यानं पट्टी काढली, लांब श्वास घेतला आणि सोडला. न खोकता. तो श्वास सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी चोथा टाकून मी नळावर गेलो आणि परत आलो तर तिठा साफ होता.

धोंडिबा म्हणून आमच्यात सगळ्यात म्हातारा होता, म्हणजे चाळिशीचा. त्याच्या चुलीवर पातेलं होतं आणि पातेल्यात आमच्या काड्या. माती गाळायला त्यानं वर फडकं धरलं होतं. मला बघून तो लाजला. म्हणाला, "तुमचं झालंया न्हवं घेऊन? मग आमाला काय, उष्टं तर उष्टं." पुढं पुढं मी मडकं पालथं करायच्या आधीच दोघं-तिघं तिथं उभे राहायला लागले. पायाखालचं उचलण्यापेक्षा हातातलं बरं, म्हणून. ज्या वाटेनं दुखणं निघून जायचं होतं, त्या वाटेवर माणसं ते वाकून गोळा करत होती, आणि मी बघत होतो.

केरबा मुकादमाला हे कळायला आठवडा लागला. त्यानं मला गेटवरच्या खोलीत बोलावलं. तो वाईट बोलला नाही. हाच त्याचा वाईटपणा होता. बिरू परत फावडं मारतोय हे त्यानं पाहिलं होतं. माणसं घरी बसतात, नवी आणावी लागतात, ती शिकेपर्यंत माल अडतो, असं सगळं त्यानं मला विश्वासात घेऊन सांगितलं. मग म्हणाला, "म्हाळू, त्या चिन्याकडून दहा जणांचं आणत जा. औषध गिरणीच्या खात्यावर. आणि तू उद्यापासून आत नको. आठवड्यातून दोनदा माझगाव, बाकीचे दिवस हितं गेटवर हजेरी लाव. तुला लिहिता येतं."

मी त्या खोलीच्या खिडकीतून आत बघितलं. आत पांढरं होतं. दुसरं काही दिसत नव्हतं. मी हो म्हणालो.

माझगावला वैद्यानं एकेका माणसाचं विचारलं. हा काय करतो? मेंढरं राखतो. आणि हा? हाही मेंढरं राखतो. सगळे गावाकडचे, मेंढरांच्या लोकरीनं छाती धरली आहे, असं मी सांगत गेलो. सातव्या माणसाला त्यानं हात थांबवला. "तुमच्या गावात मेंढरं कमी आणि मेंढके जास्त दिसतात," तो म्हणाला. मी हसलो. तोही हसला. पुड्या बांधून दिल्या. त्याला माझा शब्द पुरला. ज्याला फसवायचं तो भला असला की काम फार सोपं असतं.

चार महिने हे चाललं. चार महिने गिरणी भरून होती. दुपारी भोंगा झाला की दहा माणसं बाटल्या काढून भिंतीला टेकून काढा प्यायची आणि पुन्हा आत जायची. छातीची दारं सताड उघडी टाकून. साहेब एकदा येऊन बघून गेला. मुकादमाला म्हणाला म्हणे, ही माणसं काटक दिसतात.

अण्णा वाळत चालला होता. श्वास होता, पण मांस राहिलं नव्हतं. ओठ निळे दिसायचे. छाती धडधडते, झोप येत नाही, असं म्हणायचा. मी म्हणायचो, औषध गरम आहे. वैनी ताक करून द्यायची.

मग पिशवीनं दगा दिला. पुड्या न्यायला मी नेहमी घरातली कापडी पिशवी न्यायचो. एकदा ती घाईत सापडली नाही म्हणून गिरणीतली उचलली. झटकली होती. वैद्यानं पुड्या भरायला तिचं तोंड उघडलं आणि त्याचा हात थांबला. त्यानं शिवणीत बोट फिरवलं, ते बोट जिभेला लावलं आणि दात एकमेकांवर घासले. ते करकरणं मला टेबलाच्या ह्या बाजूला ऐकू आलं.

"लोकर," तो म्हणाला.

तरी त्यानं पुड्या दिल्या. त्याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. आता लक्षात येतं, मी सावध होऊ नये आणि गिरणी आहे तशी बघायला मिळावी, म्हणून त्यानं मला गुपचूप घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्याला तो, गोदामात पत्ता विचारून, गेटवर उभा होता. इस्त्रीचा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर त्याला शहराबाहेर पाऊल टाकायला चौकीचा कागद लागायचा. माझगावात जन्मलेल्या माणसाला. कागद काढायला चार दिवस जातात, म्हणून तो तसाच आला होता.

माणसं बाहेर आली, भिंतीला टेकून बसली, बाटल्या काढल्या. वैद्यानं एकेकाकडं बघितलं. दहा पांढरे मेंढके. मग तो अण्णापुढं उकिडवा बसला. अण्णाच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं. त्यानं ओळखून हात जोडले.

वैद्यानं जोडलेल्या हातांतलं एक मनगट घेतलं आणि तीन बोटं ठेवली. ह्या वेळी फार वेळ लागला नाही.

"तुला दाराचं सांगितलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"कसलं दार?" असं अण्णाच्या तोंडावर आलं. शब्द आला नाही, पण आला असता. त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी गेटच्या आत, सावलीत, हजेरीची वही घेऊन उभा होतो. अंगावर पिठाचा कणही नव्हता.

धाकट्याला पाठकुळी घेऊन ओढा ओलांडणारा माणूस होता तो.

"सांगितलं हुतं की," अण्णा वैद्याला म्हणाला. "पोरानं धा येळा सांगितलं, दारं-खिडक्या समदं. म्याच आडमुठा. त्याला काय बोलू नका."

वैद्यानं मनगट सोडलं. उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं मारील. मारायला पाहिजे होतं.

"भाऊ चांगला मिळाला तुला," तो म्हणाला. एवढंच. मग तो भिंतीपाशी गेला आणि प्रत्येकाला सांगू लागला की हे पिऊन आत जाऊ नका, प्यायचं तर आत जाणं सोडा. माणसं त्याच्याकडं बघत राहिली. सोडा म्हणजे कुठं जा, हे त्यालाही सांगता येईना. तेवढ्यात मुकादम आला. त्यानं वैद्याला अहो-जाहो केलं. "म्हातारबा, हितवर आलात ते बरं केलंत. चौकीचा कागद असेल न्हवं तुमच्याकडं?"

वैद्य छत्री टेकत सडकेला लागला.

त्याच दुपारी मुकादमानं मला खोलीत बसवलं आणि कागद पुढं केला. डॉक्टर सोडला तर गिरणीत लिहिता येणारे दोघंच होते, साहेब आणि मी. अमुक नावाचा चिनी इसम विनापरवाना शहराबाहेर फिरतो, कामगारांत जाऊन त्यांना काम सोडायला सांगतो. मुकादम बोलत गेला, मी लिहीत गेलो. 'इसम' कसं लिहायचं ते मी त्याला विचारलं, त्यालाही येत नव्हतं. पुढच्या वाराला माझगावला गेलो तेव्हा त्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर लाखेची मोहर. बोळातल्या पोरांनी सांगितलं, चिनीकाकाला दोन शिपाई घेऊन गेले. तो परत आला की नाही मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

पुड्या संपत आल्या. ज्या होत्या त्या लोक तीनदा, चारदा उकळायला लागले. पाण्याला रंग येईनासा झाला. ज्यांनी चार महिने उघड्या छातीनं पीठ ओढलं होतं ते एकेक करून पुन्हा बसून झोपायला लागले. अण्णाला तर बसूनही जमेना. तो गुडघ्यांवर हात रोवून ओणवा राहायचा, आणि वैनी त्याची पाठ धरून उभी.

एका सकाळी वैनी नळावर गेली होती. अण्णानं मला जवळ बोलावलं. दोन दोन शब्द तोडून बोलत होता.

"आता तर सांग. दार म्हंजी काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तू घरी बसला असतास तर गिरणीची झोपडी गेली असती, कारण ती तुझ्या फावड्यावर मिळाली होती. आधी मी झोपडीसाठी गप्प बसलो. मग मला गेट मिळालं, आणि मग मी गेटसाठी गप्प बसलो. हेही सांगितलं. चौकीला लिहिलेल्या चिठ्ठीचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

तो ऐकत होता की श्वास शोधत होता, कळत नव्हतं. मग म्हणाला, "हौसाला सांगू नगंस."

मी मान खाली घातली.

"तिला दुसरं कोण हाय," तो म्हणाला.

त्यानंतर तो दोन दिवस होता.

वैनी अजून आहे. माझ्याकडंच असते, माझ्या हातचं खाते, माझ्या नातवंडांची आजी झाली आहे. चिन्यानं माझा नवरा मारला, असं ती आल्यागेल्याला सांगते, आणि सांगताना कडेला थुंकते. मी तिथं बसलेला असतो. नाहीही म्हणत नाही, होही म्हणत नाही. इतकी वर्षं झाली.

अण्णाला खाडीवर पोचवून आलो त्या दिवशी चुलीवर मडकं तसंच होतं. तळाशी शेवटचा चोथा. वैनी भिंतीकडं तोंड करून बसली होती. म्हणाली, "ते टाकून या भावजी."

मी मडकं घेऊन तिठ्यावर गेलो. दुसऱ्या पाळीची माणसं गेटकडं निघाली होती. माझ्या हातात मडकं दिसल्यावर ती थांबली. आमच्या घरी काय झालंय ते त्यांना ठाऊक होतं, खांदा त्यांनीच दिला होता. तरी त्यांची नजर मडक्यावरून हलेना. मी ते पालथं केलं. धोंडिबा आधी वाकला, मग बाकीचे.

मी कडेनं, गवतातून, वळसा घालून गेटवर गेलो आणि वही उघडली. भोंगा व्हायच्या आत हजेरी लावायची होती.